एतेल्विनाचं सुटकेचं कलम

उत्तर स्पेनच्या डोंगरातल्या आमच्या कार्बायेदात फुटबॉल कुणाला कळतो असं विचारलंत, तर गावातला प्रत्येक माणूस स्वतःच्या छातीवर हात ठेवेल. मीही ठेवीन. गुडघा जाईपर्यंत मी क्लबच्या डाव्या बाजूचा बचाव सांभाळत होतो. आता मैदानावर चुन्याच्या रेघा मारतो आणि उरलेल्या वेळात माझं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान बघतो. पण खरं सांगायचं तर हा क्लब आमच्यापैकी कुणामुळेच टिकलेला नाही. तो टिकलाय एतेल्विनामुळे, आणि एतेल्विनानं उभ्या जन्मात एकही सामना पाहिला नव्हता.

पाहणार कुठून? प्रेक्षकांच्या सज्जाखाली तिचं स्वयंपाकघर. मैदानाकडच्या बाजूला नुसती भिंत. एक छोटा झरोका होता, तोही मागे नदीकडे. आधीची स्वयंपाकीण पायरीवरून पडली म्हणून एतेल्विना एका रविवारपुरती मदतीला आली, ती तिथेच राहिली. सव्वीस वर्षं. नवरा खाणीत होता, तो गेला, मुलं झाली नाहीत, आणि रविवारी दुपारी डोक्यावर सगळा गाव नाचत असताना ही खाली पातेल्यासमोर उभी.

आमच्याकडे फाबादा असते, म्हणजे पांढऱ्या घेवड्याची दाट आमटी. घेवडा शनिवारी संध्याकाळी भिजत घालायचा. रविवारी मंद आचेवर चोरिसो सॉसेज, डुकराच्या रक्ताचं मोर्सिया सॉसेज आणि डुकराच्या चरबीबरोबर चढवायचा. डाव घालून ढवळायचं नाही, पातेल्याचे कान धरून नुसतं हलवायचं. आणि उकळी वर आली की गार पाण्याचा सपकारा मारून दाण्यांना घाबरवायचं. घाबरवणं हाच आमचा शब्द. घाबरलेला दाणा साल सोडत नाही आणि आतून लोण्यासारखा होतो. बाकीच्या बायका उकळी बघून घाबरवतात. एतेल्विना वरच्या आरोळीवर घाबरवायची. डोक्यावरचा सज्जा दणाणला की गोल झाला असं धरायची आणि पातेल्यात एक पेला गार पाणी ओतायची. तिच्यासारखी फाबादा दुसऱ्या कुणाला कधी साधली नाही.

आमच्यासारख्या तळाच्या फळीतल्या क्लबकडे खेळाडूंना द्यायला पेट्रोलच्या खर्चापलीकडे फारसं काही नसतं. तरीही शेजारच्या दोन खोऱ्यांतली पोरं तीन-तीन क्लब ओलांडून आमच्याकडे खेळायला यायची ती सामन्यानंतरच्या या जेवणासाठी. एतेल्विना त्यांना नावानं कमी आणि ताटावरून जास्त ओळखायची. "तो मोर्सिया टाकणारा आज गप्प आहे, बायकोशी भांडलाय बघ," असं ती म्हणायची आणि ते खरं निघायचं. जिभेला मात्र धार. कुणी मीठ मागितलं तर म्हणायची, "मीठ तुझ्या खेळात टाक, बाबा, अळणी तिथं आहे."

सगळ्यांत तिचा जीव नेलवर. नेल गुराख्याचा पोरगा, आमचा गोल करणारा. तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा आणि ताट स्वतः धुऊन ठेवायचा. तसं करणारा तो एकटाच.

आता अकिलीनोबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय कुठलाच गोंधळ पुरा होत नाही. अकिलीनो आमचा अध्यक्ष. सफरचंदाच्या सिद्राचा कारखाना त्याचा, मिशी त्याची आणि आवाजही त्याचाच. मनानं चांगला आहे, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. दोन उन्हाळ्यांपूर्वी नेलनं पगार वाढवून मागितला. अकिलीनोनं खिसे उलटे करून दाखवले आणि म्हणाला, "पगार नाही वाढवत, पण तुझ्या सुटकेचं कलम अगदी स्वस्त लिहितो. दार उघडं ठेवतो, म्हणजे तुझ्या मनाला बरं वाटेल." त्याला वाटलं, या डोंगरात कोण येतंय दार शोधत!

आलं. ऑगस्टच्या अखेरीस दक्षिणेतल्या, वरच्या फळीतल्या एका क्लबचा फोन आला. अकिलीनो कारखान्याच्या अंगणात उभा राहून ओरडत होता, "विकायचा नाही! आकडा सांगूच नका, विकायचा नाही म्हणजे नाही!" पलीकडचा माणूस सभ्य होता. तो म्हणाला, बरं. आणि दुसऱ्या दिवशी नेलच्या वकिलानं फुटबॉल महासंघाच्या कचेरीत कलमातली रक्कम भरली आणि कागद आमच्याकडे पाठवून दिला. नेल मोकळा.

"पण मी विकलाच नाही ना त्याला!" अकिलीनो क्लबच्या खाणावळीत टेबल बडवत होता. "मी हो म्हटलंच नाही!"

"तुला विचारलं कुणी?" मी म्हणालो.

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो निघून गेल्यावर एतेल्विना हात पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली.

"सेनेन, मला नीट सांग. पोरगा गेला कसा? हा तर नाही म्हणत होता."

"अगं, याचं नाही म्हणणं चालतं ते विक्रीत. दोन क्लबांनी बसून घासाघीस करायची असते तेव्हा. कलमाचं तसं नसतं. करार करतानाच आकडा ठरलेला असतो. मुदत संपायच्या आत खेळाडूला जायचं असलं, तर त्यानं तेवढी रक्कम ठेवायची आणि जायचं."

"त्यानं? पैसे तर त्या दुसऱ्या क्लबचे होते."

"दिले त्यांनी, पण भरायचे यानं, स्वतःच्या नावानं. आपल्याकडे कायदाच तसा आहे. सुटका खेळाडूची असते, म्हणून भरणारही तोच."

"आणि क्लबला विचारायचं नाही?"

"नाही. क्लबनं नुसते पैसे घ्यायचे."

"आणि माणूस गमवायचा."

"हो."

"चांगला कायदा आहे," ती म्हणाली आणि पातेलं हलवायला आत गेली. नेलसाठी ती आठवडाभर तरी रडली असणार. डोळे लाल दिसायचे, आणि विचारलं की कांद्याचं नाव सांगायची. आमच्या फाबादेत कांदा असतोच, पण इतका नसतो.

या तडाख्यानंतर अकिलीनोनं दुसरं टोक गाठलं. सगळ्यांच्या करारात कलमं आभाळाला टेकवली. आमच्या गोलरक्षकाचं एक कोटी युरो. उजव्या बाजूचा रामोनिन बसला तर उठायला वेळ घेतो, त्याचं दीड कोटी. ते ऐकून रामोनिनची बायको म्हणाली, "दीड कोटी? मला विचारलं असतं तर बसभाडं वर देऊन दिला असता." पण अकिलीनो खूश होता. ओव्हिएदोच्या पेपरात दोन ओळी छापून आल्या की खोऱ्यातला सर्वांत महागडा संघ कार्बायेदाचा. कात्रण त्यानं पाकिटात ठेवलं.

नदीपलीकडच्या सोलानोचा आणि आमचा उभा दावा. त्यांची अध्यक्ष रेमेदिओस. तिची डेअरी आहे, आणि दुधावर येणाऱ्या सायीसारखी ती कुठल्याही गोष्टीत अलगद वर येते. आमची पोरं फोडायची तर कलमं परवडणारी नाहीत, हे तिनं ओळखलं. मग तिनं डोकं चालवलं. बाजाराच्या दिवशी ती एतेल्विनाशेजारी उभी राहून कोबी दाबून बघू लागली आणि म्हणाली, "आमच्याकडे ये. पैसे दुप्पट, स्वयंपाकघराला नव्या फरश्या. खेळाडूंना करार आहेत, तुला कुठे आहे? तू आलीस की पोरं मुदत संपताच आपोआप मागून येतील."

ही बातमी अकिलीनोला न्हाव्याच्या खुर्चीत कळली. अर्ध्या गालावर साबण तसाच घेऊन तो खाणावळीत आला.

"एतेल्विना, तू सही करायची! आत्ताच्या आत्ता! तुलाही करार, तुलाही सुटकेचं कलम!"

"आधी तोंड पूस," ती म्हणाली. "कलम किती?"

"पाच कोटी!"

"मला कोटी कळत नाहीत. मला कळेल असं काही बोल."

"तुला काय कळतं?"

"घेवडा कळतो."

खाणावळीतले सगळे हसले. अकिलीनोला एकदा काही सुचलं, की मग त्याला आवरणं अवघड. तो खुर्चीवर उभा राहून गरजला, "तर मग एक लाख दाणे! पांढरे, निवडलेले, एकही फुटका नको! एक लाख दाणे आणा आणि आमची एतेल्विना घेऊन जा!"

तसंच लिहिलं गेलं. बदल्यात महिन्याचा पगार थोडा वाढला आणि रविवार एकही चुकवायचा नाही असं ठरलं. तिनं सही केली. रविवारचं ते वाक्य तिनं वाचलं होतं, पण तिला कुठे जायचंच नव्हतं तर त्यात बोचणार काय? उलट मजा वाटली. पेपरचा बातमीदार आला. पाहुण्या संघांतली पोरं स्वयंपाकघराच्या दारात डोकावून "एक लाखवाली कोण?" असं विचारू लागली. पुढचे दोन-तीन रविवार तिनं चुलीसमोर कानात डूल घातले होते, हे मी स्वतः पाहिलंय.

वर्ष असंच गेलं. मग मे महिन्यात खाणावळीतल्या फोनवर नेलचा फोन आला.

"मावशी, पुढच्या रविवारी आमचा सामना गिजोनला आहे. तुझ्यापासून बसनं दोन तास. पहिल्यांदाच इतक्या जवळ येतोय. तिकीट ठेवलंय तुझ्या नावानं, पुढच्या रांगेतलं. येशील ना?"

ती "येते" म्हणाली आणि फोन ठेवून तिथेच उभी राहिली. मी दाराची बिजागरी बसवत होतो. तिचा चेहरा पोरीसारखा झाला होता.

"सेनेन, सामन्याला काय घालून जातात रे?"

"कपडे," मी म्हणालो, आणि तिनं मला फडकं फेकून मारलं.

पण तोच रविवार आमच्या हंगामाचा शेवटचा होता. सामना सोलानोशी, नंतर सगळ्या सभासदांचं जेवण. ती अकिलीनोकडे गेली, तेव्हा मी सोबत होतो. तिनं साधेपणानं मागितलं. एक रविवार. सव्वीस वर्षांतला एक.

"सणाच्या दिवशी पाद्रीच रजेवर?" अकिलीनो हसला. "अगं, सोलानोवाले जेवायला आहेत! पुढच्या वर्षी जा."

"पुढच्या वर्षी नेल कुठे असेल कुणास ठाऊक."

"मग टीव्हीवर बघ."

"माझ्या स्वयंपाकघरात खिडकी नाही, तिथं टीव्ही कुठला?"

"आणि बघून करणार काय तू? तुला फुटबॉलमधलं काय कळतं, एतेल्विना?"

हे तो वाईटपणानं बोलला नाही. त्यामुळेच ते जास्त लागलं. तिनं पदराची गाठ मारावी तशी ॲप्रनची नाडी घट्ट केली आणि बाहेर पडली. आम्ही पुलाकडे चालू लागलो. मला अकिलीनोचा राग आला होता आणि माझाही, कारण मी मध्ये एक शब्द बोललो नव्हतो. पुलावर ती थांबली.

"सेनेन, तू म्हणाला होतास, ज्याला जायचं त्यानं विचारायचं नसतं."

"कधी?"

"नेल गेला तेव्हा. रक्कम ठेवायची आणि जायचं. बरोबर?"

"बरोबर, पण अगं, एक लाख—"

"मग चल. पोती उचलायला माणूस लागेल."

तिच्या माळ्यावर गेल्या शरदातला घेवडा होता, परसातला. त्यानं निम्मंही झालं नसतं. ती कुणाकडे मागायला गेली नाही. मी मात्र दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या कानावर घातलं, आणि आमच्या गावात तेवढं पुरतं. शनिवारी सकाळपासून बायका तिच्या दारात येऊ लागल्या. कुणी उशीच्या अभ्र्यात, कुणी पिठाच्या डब्यात, कुणी मुलाच्या दप्तरात घेवडा घेऊन आलं. रामोनिनची बायको सगळ्यांत मोठी पिशवी घेऊन आली. "माझा नवरा दीड कोटीचा आहे, आमच्याकडे कमी नाही," असं म्हणत तिनं ती ओट्यावर आपटली. या बायका एतेल्विनाचं जेवण गमवायला निघाल्या होत्या आणि हसत होत्या. मी विचारलं, तर एक म्हातारी म्हणाली, "आम्हीसुद्धा रविवारी घरच्या पातेल्यापुढेच असतो, बाबा. एकीनं तरी बघून यावं."

आता रक्कम ठेवायची कुठे? क्लबच्या हाती द्यायची नसते, तिसऱ्याकडे ठेवायची असते. महासंघानं घेवडा घेतला नसता. म्हणून आम्ही तो चर्चमध्ये पाद्री डॉन हेर्मिनिओंकडे नेला. ते मूळचे लेओनचे, म्हणजे ना आमचे ना सोलानोचे, आणि फुटबॉलवेडे. त्यांनी पूजेचे झगे ठेवतात त्या खोलीत पोती लावून घेतली आणि अकिलीनोला निरोप धाडला.

अकिलीनो आला आणि पोती बघून आधी खदखदून हसला. मग आमचे चेहरे बघितले आणि हसू जिरलं.

"हे काय चाललंय?"

"एतेल्विनानं आपलं सुटकेचं कलम भरलंय," डॉन हेर्मिनिओ म्हणाले. "उद्यापासून ती तुमच्या करारातून मोकळी."

"ती थट्टा होती!"

"सही थट्टेची नव्हती."

"पण हे मोजले कुणी? एक लाख आहेत कशावरून? मी मोजून घेणार! एकेक दाणा!" त्याचा बेत माझ्या लक्षात आला. मोजत बसलं तर सकाळची बस जाणार, आणि सामनाही संपणार.

"जरूर मोजा," पाद्री म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातली निळ्या चौकटीची एक पिशवी उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली. "आधी ही मोजा. आणि कमी भरली तर तसं जिनं आणली तिच्या तोंडावर जाऊन सांगा."

अकिलीनोनं पिशवी ओळखली. त्याच्या घरच्या जेवणाच्या टेबलावरच्या कापडाची होती. त्याची बायको ओल्विदो सकाळीच देऊन गेली होती. ओल्विदोला तोंडावर काही सांगायची हिंमत खोऱ्यात कुणाचीच नाही, आणि नवऱ्याची तर नाहीच नाही.

"राहू दे," तो पुटपुटला. "असतील."

"तर हा घेवडा आता तुझा, अकिलीनो," एतेल्विना म्हणाली. "आणि मी माझी."

रविवारी सकाळच्या बसनं ती गेली. कानात डूल, हातात छत्री, डब्यात नेलसाठी अक्रोडाच्या करंज्या. खिडकीतून तिनं हात हलवला, आणि आम्ही पुरुषमंडळी क्लबचा तो एक लाख दाण्यांचा घेवडा घेऊन मैदानावर परतलो.

आता असं बघा. सुटकेच्या कलमात क्लबच्या वाट्याला नेमकं काय येतं, ते त्या दिवशी मला कळलं. रक्कम येते. आमच्यापाशी पोतीच्या पोती घेवडा होता, आणि तो शिजवणारं कुणी नव्हतं.

"त्यात काय मोठं?" अकिलीनो बाह्या वर करत म्हणाला. "मी लहानपणापासून खातोय."

पातेल्यात घेवडा ओतेपर्यंत आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही की तो आदल्या संध्याकाळी भिजत घालायचा असतो. शनिवार म्हणजे एतेल्विना भिजत घालणार, हे आमच्या अंगात इतकं मुरलं होतं की दाणे जन्मतःच भिजलेले असतात असंच आम्ही धरून चाललो होतो. वर अकिलीनोनं आच मोठी केली आणि लवकर व्हावं म्हणून डाव घालून गरागरा ढवळलं. सामना आम्ही दोन गोलांनी हरलो. सालं पाण्यावर तरंगत होती आणि आतले दाणे तसेच टणक. सोलानोच्या कप्तानानं पहिला घास घेतला, दाताखाली कट्कन आवाज झाला, आणि तो म्हणाला, "तुमच्या बचावात यातले अकरा दाणे उभे केले असते तर एकही गोल बसला नसता."

सारी खाणावळ हसली. आम्हीही हसलो, करणार काय! आपलेच दात आणि आपलेच ओठ. रेमेदिओस एकटी हसत नव्हती. ती शांतपणे पाव खात होती.

"म्हणजे अकिलीनो, आता तिचा करार नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"कलमही नाही?"

"ते तर भरलं तिनं."

"मग आता तिला न्यायला कुणाला काही भरावं लागणार नाही," रेमेदिओस म्हणाली आणि हनुवटीवरचे पावाचे कण पुसले. अकिलीनोच्या हातातला डाव पातेल्यात पडला. मोकळ्या खेळाडूवर पहिला हक्क कुणाचाच नसतो. त्याचं मन वळवेल त्याचा तो.

सोमवारी सकाळी मी एतेल्विनाच्या घरी पोचलो, तर रेमेदिओस आधीच ओट्यावर बसलेली, हातात नवा करार. मागोमाग अकिलीनो आला. टोपी हातात, मिशी खाली. एतेल्विनानं तिघांना कॉफी दिली. तिचा आवाज पार बसला होता, घोगरा, पण डोळे चमकत होते.

"नेलनं गोल केला?" मी विचारलं.

"नाही. शेवटची दहा मिनिटं आला, एक सोपा गोल चुकवला आणि तोंडावर पडला. पण धावतो काय रे सुंदर! मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं त्याला मी जेवतानाच पाहिलं." तिनं कॉफीचा घोट घेतला. "सेनेन, ते लोक सारखे ओरडतात."

"मग? सामन्यात ओरडणारच."

"तसं नाही. मला वाटायचं, ओरडले की गोल. पण चेंडू बाहेर गेला तरी ओरडतात. पंच घसरला तरी ओरडतात. निम्म्या आरोळ्या तर फुकटच्या! आणि मी सव्वीस वर्षं प्रत्येक आरोळीला दाण्यांना घाबरवत आले." आणि ती अशी हसली की तिच्या घोगऱ्या आवाजातून शिट्टी निघाली. मग हसता हसता तिनं डोळे पुसले. "सगळं तिथंच चाललं होतं, रे. माझ्या डोक्यावर. एका भिंतीपलीकडे."

 अकिलीनो टोपीची कड कुरतडत होता. शेवटी तो म्हणाला, "मी बोललो ते चुकलं, एतेल्विना. तुला काय कळतं म्हणालो ते. काल माझ्या लक्षात आलं की आम्हालाच काही कळत नव्हतं. परत ये. दुप्पट पगार जमणार नाही, पण ये."

"आम्हाला जमेल," रेमेदिओस म्हणाली. "आणि फरश्या."

एतेल्विनानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.  ती सोलानोला गेली असती तर दोष कुणालाच देता आला नसता.

"फरश्या नकोत मला," ती म्हणाली. "खिडकी हवी. मैदानाकडच्या भिंतीत, चुलीसमोर, मोठी. आणि वर्षाला चार रविवार माझे. कधी नेल, कधी नुसती झोप."

"दिले!" अकिलीनो जवळजवळ ओरडला. "खिडकी याच आठवड्यात! सेनेन बिजागऱ्या देईल!" मग अध्यक्ष जागा झाला आणि त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "आणि... कलम किती लिहायचं?"

"एक दाणा."

"एक लाख?"

"एक. फक्त एक."

रेमेदिओसनं लगेच ओट्यावरच्या टोपलीतून घेवड्याचा दाणा उचलला आणि एतेल्विनापुढे धरला. "हा घे. सही करताच भरून टाकू."

"तुझा चालणार नाही, रेमेदिओस," एतेल्विना म्हणाली. "कलम खेळाडूनं भरायचं असतं. स्वतःच्या नावानं." तिनं टोपलीतून स्वतः एक निवडला, पांढराशुभ्र, कुठे डाग नसलेला, आणि ॲप्रनच्या खिशात टाकला.

रेमेदिओसनं आपला करार घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि उठताना म्हणाली, "बाई, तू अध्यक्षच हो त्यांची." आणि हे ती मनापासून म्हणाली.

खिडकी झाली. चौकट सुताराची, बिजागऱ्या माझ्या, पैसे घेतले नाहीत. ऑगस्टच्या अखेरीस नव्या हंगामाचा पहिला सामना होता. मी सज्जात न बसता मुद्दाम खाली स्वयंपाकघरात थांबलो. एतेल्विना कोपर टेकून खिडकीत उभी होती. पहिली पाच मिनिटं गप्प. मग तिला कंठ फुटला. "रामोनिन, ऊठ! दीड कोटी घेऊन बसलास होय रे? डावीकडे मोकळा आहे, आंधळ्या, डावीकडे!" डावीकडे खरंच एक जण मोकळा होता. रामोनिननं दचकून तिकडे पास दिला आणि आमचा गोल झाला. एतेल्विनानं ओरडून, नाचून, छत्रीनं चौकट बडवून घेतली, आणि तेवढ्यात मागून करपल्याचा वास आला.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिची फाबादा बुडाला लागली. जेवणाच्या वेळी सगळे ताटाकडे बघून मुकाट खात होते. अकिलीनोनं एक घास घेतला, डोळे बारीक केले, मिशी पुसली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

एतेल्विनानं ॲप्रनच्या खिशात हात घातला.

"छान झालीय," अकिलीनो म्हणाला, आणि ताट आणखी वाढण्यासाठी पुढे केलं.